हाऊ कोना पोऱ्या?

अहो, म्हसावदमध्ये सध्या काय शिजतंय ते कानावर आलं का? तोरणमाळला जाणारे इथे गाडी थांबवतात, चहा घेतात आणि राणीपूरच्या रस्त्याला लागतात. त्यांना कुठून कळणार? पण माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कुणाची वाटणी झाली, कुणी आडनाव बदललं, कुणाच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला, सगळे कागद आधी माझ्या काचेवर पालथे पडतात आणि मग तहसीलला जातात. मी कुणाला काही सांगत नाही. हे आपलं तुम्हाला म्हणून.

तर परवा तीन पोरं आणि एक पोरगी दुकानात शिरली. कॉलेजातली. हातात पेन ड्राइव्ह. "ताई, ए-थ्रीवर रंगीत प्रिंट पाहिजे. वंशावळ आहे."

आता नंदुरबार जिल्ह्यात कुणी वंशावळ म्हटलं की दुसरं काय मनात येणार? जात पडताळणी. व्हॅलिडिटी. पणजोबापासून खाली चौकोन आखायचे, प्रत्येकाखाली शाळेचा दाखला, महसुली नोंद, काय असेल ते जोडायचं. अशा शेकडो वंशावळी मी टाइप केल्यात. सवयीने विचारलं, "अर्जदाराचं नाव?"

पोरगी म्हणाली, "हस्तर."

"आडनाव?"

चौघंही एकमेकांकडे बघायला लागली. मागे खुर्चीवर आमचे सासरे बसलेले असतात, आप्पा. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता त्यांचा कायमचा प्रश्न टाकला, "हाऊ कोना पोऱ्या शे?"

आणि मंडळी, हा कुणाचा पोरगा, याच प्रश्नावर गेले दोन आठवडे ही पोरं भांडतायत. जेवणखाण सोडून! एकाच्या घरी पपईची तोडणी चालू आहे, व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी, आणि हा कॅरेट भरायचे सोडून फोनवर ओरडतोय, "तो त्या कुळातला नाहीच!" बापाला वाटलं, सोयरिकीचं काही बिनसलं.

हस्तर म्हणजे तोच, 'तुंबाड' सिनेमातला. राही अनिल बर्वे यांचा, सोहम शाहने काम केलेला. 12 ऑक्टोबर 2018 ला पहिल्यांदा आला तेव्हा आमच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. 13 सप्टेंबर 2024 ला पुन्हा थिएटरात लावला, तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त धंदा केला म्हणे. यांच्यातल्या एकाचा भाऊ सुरतेला कामाला आहे. हा तिथे जाऊन मोठ्या पडद्यावर बघून आला आणि येताना हे खूळ घेऊन आला. देवीच्या पोटातून जन्मलेलं पहिलं लेकरू, सोन्याचा आणि धान्याचा हावरा. सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. लंगोटात मोहरा, समोर कणकेच्या बाहुल्या. सिनेमा सगळ्यांनीच बघितलाय. मग भांडण कशावरून?

भांडण असं, की हा हस्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या कुळातला आहे की नाही. हो, अमेरिकेतल्या! त्या कुळाचा मूळ पुरुष हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट. प्रॉव्हिडन्स गावचा, 1937 मध्ये गेलेला. त्याने 'वीअर्ड टेल्स' नावाच्या स्वस्त मासिकात भयकथा लिहिल्या. त्यांत ताऱ्यांपलीकडून आलेले, समुद्राच्या तळाशी झोपलेले अजस्र जीव, आणि माणूस म्हणजे त्यांच्या लेखी पायाखालची मुंगी. सगळ्यात नावाजलेला जीव कथुल्हू. माणसाच्या तोंडाला हे नाव नीट उच्चारताच येऊ नये अशी त्याची योजना होती. आप्पांनी एकदा प्रयत्न केला आणि कवळी काढून खिशात ठेवली.

मी प्रिंट काढायला घेतली आणि त्या वंशावळीकडे बघतच राहिले. अहो, काय ते कूळ! काय ती लफडी!

सगळ्यात वर चौकोन: अँब्रोज बिअर्स, 1891. त्याच्या कथेत हास्तुर, म्हणजे आपल्या हस्तरचा नावबंधू, हा मेंढपाळांचा देव. साधा, भला देव. मेंढपाळाने सकाळी हात जोडावेत आणि मेंढरं घेऊन निघावं, इतका भला. खाली चौकोन: रॉबर्ट चेंबर्स, 1895, पुस्तक 'द किंग इन यलो'. इथे हास्तुर कधी जागेचं नाव वाटतं, तर एका कथेत ससाणे सांभाळणाऱ्या गड्याचं. म्हणजे चार वर्षांत देवाचा गडी झाला. त्याच्या खाली लव्हक्राफ्ट, 1931: एका लांबलचक यादीत नुसतं नाव टाकलं, पुढे कुठेतरी एकदा ओझरता उल्लेख, आणि विषय संपला. लग्नपत्रिकेत 'आपले नम्र'च्या खाली शेवटच्या ओळीत घुसवलेल्या पाहुण्यासारखं.

आणि मग आला ऑगस्ट डर्लेथ. बाई बाई बाई! यानेच भाऊबंदकी लावली.

लव्हक्राफ्ट गेल्यावर या माणसाने डोनाल्ड वाँड्रीबरोबर 1939 मध्ये आर्कहॅम हाउस नावाची प्रकाशनसंस्था काढली आणि मित्राच्या कथा जगवल्या. तेवढं श्रेय त्याचं, कुणी नाकारत नाही. पण त्याच वर्षी त्याने 'द रिटर्न ऑफ हास्तुर' छापली आणि हास्तुरला ठरवलं कथुल्हूचा सावत्र भाऊ! वर वैरीही! नंतर सगळ्यांना तत्त्वं वाटून दिली: कथुल्हू पाण्याचा, हास्तुर वायूचा, बाकीचे पृथ्वीचे नाहीतर अग्नीचे. आमच्या आळीतल्या बायकासुद्धा विचारतील की पाण्याचा देव पाण्याखाली कैदेत कसा पडेल. मासा बुडून मेला असं कुणी सांगितलं तर पंचनामा तरी कराल का? वर डर्लेथने चांगले देव विरुद्ध वाईट देव असं युद्धही लावून दिलं आणि या सगळ्याला नाव दिलं 'कथुल्हू मिथॉस', म्हणजे कथुल्हूपुराण. मूळ पुरुष स्वतः या प्रकाराला थट्टेने 'योग-सोथोथरी' म्हणायचा.

याहून वरताण ऐका. डर्लेथने मेलेल्या मित्राच्या सहीने पुस्तकं काढली! 'लव्हक्राफ्ट आणि डर्लेथ' अशी दोन नावं. 1945 ची 'द लर्कर अ‍ॅट द थ्रेशोल्ड' घ्या. सुमारे पन्नास हजार शब्दांच्या त्या कादंबरीत लव्हक्राफ्टचे बाराशेच्या आसपास. बाकी सगळे डर्लेथचे. आमच्या दुकानात कुणी असा कागद आणला असता तर मी सरळ सांगितलं असतं, दादा, हा फेरफार मंजूर व्हायचा नाही. आणि त्याचा मुख्य पुरावा? लव्हक्राफ्टचं म्हणून एक वाक्य तो वर्षानुवर्षं दाखवत राहिला, की माझ्या सगळ्या कथा एकाच मूळ आख्यायिकेवर उभ्या आहेत, काळी जादू करणारे हाकलले गेले वगैरे. संशोधकांनी पत्रं उलगडली तेव्हा कळलं, ते वाक्य लव्हक्राफ्टच्या पत्रांत नाहीच. हॅरल्ड फार्नीज नावाच्या एका संगीतकाराने डर्लेथला तसं कळवलं होतं. म्हणजे अख्ख्या कुळाचा दाखला ऐकीव! तिसऱ्याच माणसाच्या तोंडचा! आप्पा म्हणाले, आमच्याकडे यावर समितीने अर्जच फेटाळला असता.

खरं तर लव्हक्राफ्ट स्वतःही कमी नव्हता. मित्रांनी एकमेकांना आपले देव उसने द्यायचे, खोटे ग्रंथ एकमेकांच्या कथांत घुसवायचे, असा त्यांचा खेळ. 1935 मध्ये रॉबर्ट ब्लॉक नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने कथेत चक्क लव्हक्राफ्टसारख्या माणसाला मारून टाकलं, तेही लव्हक्राफ्टकडून रीतसर लेखी परवानगी घेऊन! लव्हक्राफ्टने लगेच पुढच्या कथेत 'रॉबर्ट ब्लेक' नावाचा लेखक काढला आणि त्याला खिडकीशी थिजवून मारला. फिट्टंफाट. हा ब्लॉक पुढे 'सायको' लिहून गाजला. हे सगळं यारीदोस्तीतलं, त्यात कुणाची वंशावळ कोण मागतो? मागणारे नंतर आले.

आता ठरवणार कोण? इथे खरी गंमत आहे. पोरं मला सांगत होती की 1972 मध्ये लिन कार्टर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने पुस्तक लिहून याद्याच केल्या: ही कथा आत, ती बाहेर. नियम असा, की नुसतं नाव घेऊन भागत नाही, कथेने पुराणात नवी भर टाकली पाहिजे. बरा नियम आहे. लग्नात नुसतं जेवून जाणारा नातेवाईक नव्हे, आहेर लावणारा नातेवाईक. पण शेवटचा शब्द ज्याचा मानतात तो विद्वान कोण, ओळखा बघू.

जोशी!

होय हो, जोशी. एस. टी. जोशी, सुनंद त्र्यंबक जोशी. जन्म पुण्याचा, 22 जून 1958 चा. लहानपणीच अमेरिकेला गेले, प्रॉव्हिडन्सच्याच ब्राउन विद्यापीठात शिकले, लव्हक्राफ्टच्या कथा मूळ हस्तलिखितांशी ताडून शुद्ध केल्या, त्याचं चरित्र लिहिलं, ते वाढवून 2010 मध्ये 'आय अ‍ॅम प्रॉव्हिडन्स' नावाने दोन जाडजूड खंडांत काढलं. मी म्हटलं, अगं, पत्रिका जुळते की नाही बघायला अमेरिकेलासुद्धा शेवटी जोशीच लागला! 2008 मध्ये त्यांनी या पुराणाच्या उदयास्तावर पुस्तक लिहिलं; 2015 च्या आवृत्तीत नावात अस्तानंतर आणखी एक उदय घातला. पंचांगच की ते. आणि राग तरी किती! 2015 मध्ये 'वर्ल्ड फँटसी' पुरस्कारासाठीचा लव्हक्राफ्टचा अर्धपुतळा त्याच्या वंशद्वेषी लिखाणामुळे हटवायचं ठरलं, तर यांनी मिळालेले दोन पुरस्कार परत पाठवून दिले. लव्हक्राफ्ट तसं लिहायचा ही गोष्ट खरीच आहे; त्यामुळे पुतळा हटला याचं मला काही वाईट वाटलं नाही. पण पुणेरी बाणा पोस्टाने परत जाऊ शकतो, हे मला नवीन होतं.

जोशींचं म्हणणं थोडक्यात असं: नावं मोजू नका, वृत्ती बघा. लव्हक्राफ्टचं स्वतःचं पुराण वेगळं, डर्लेथने उभारलेलं वेगळं. पहिल्यात विश्वाला माणसाची फिकीरच नाही. ते जीव दुष्टसुद्धा नाहीत. हायवेचं काम करणाऱ्या जेसीबीचं बांधावरच्या मुंग्यांशी काही वैर असतं का? त्याला त्या दिसतही नाहीत. कथा त्या भीतीची असेल तर आत. नुसतं कथुल्हूचं नाव घेऊन मसाला लावला असेल तर दाराबाहेर.

हे ऐकून पोरांत दोन तट पडले. सुरतवाला नावावर अडून. त्याच्याकडे पुरावाही जबरदस्त, मला दाखवायला तो काचेवर कोपर टेकून उभा राहिला. म्हणाला, "ताई, सिनेमात साखळीला बांधलेली ती म्हातारी कशी झोपते?" हस्तरचं नाव घेतलं की झोपते. "आणि स्टीफन किंगची 'ग्रॅमा' कथा, 1984 ची. एकटं पोरगं, घरात पडून असलेली भयानक आजी, आई बाहेर गेलेली. नात्यातली एक बाई फोनवरून त्याला काय सांगते? हास्तुरच्या नावाने तिला आडवी हो म्हणून सांग." माझ्या हातातला कागद तसाच राहिला. अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

आणि या दोघांच्या मधला चौकोन कोणाचा? नारायण धारप, 1925 ते 2008. आपले धारप! शंभरावर पुस्तकं, बसमध्ये, होस्टेलवर, रात्री पांघरुणात बॅटरी लावून वाचलेले धारप. त्यांची 'आजी' ही कथा किंगच्या 'ग्रॅमा'वरून घेतलेली, हे आता उघड गुपित आहे. बर्वेंनी ही गोष्ट 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली, आणि तिथून 'तुंबाड'चं बी पडलं. सिनेमाचं नाव तर तिसऱ्याच घरचं, श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. बघा म्हणजे! मेंढपाळाचा देव, तिथून किंगच्या मेन राज्यातल्या घरातल्या आजीकडे, तिथून पुण्यात, पुण्यातून नागझिऱ्यात, नागझिऱ्यातून कोकणच्या पावसात. तलाठ्यालाही सातबारा लावता येणार नाही.

मग धारपांवर घसरली गाडी. "म्हणजे चोरी?" पोरगी म्हणाली. 'लुचाई'मागे किंगची 'सेलम्स लॉट', 'शपथ'मागे 'इट', हे वाचकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पपईवाला इतका वेळ गप्प होता, तो उसळला. "आमच्या शेतात बी तैवानचं, सातशे शहाऐंशी. पाणी आमच्या बोअरचं. दिल्लीच्या व्यापाऱ्याला विचार पपई कुठली, तो शहाद्याचीच सांगेल!" टाळी दिली मी त्याला. पण बियाण्याच्या पाकिटावर तैवानवाल्याचं नाव असतं बरं का, एवढं मी मनात म्हटलं. धारपांच्या पानांवर ते असतं तर आज पोरांना भांडावं लागलं नसतं.

तरी एक गोष्ट माझ्या डोक्यात आली आणि मी ती बोलून दाखवली. धारपांचे ते समर्थ. अघोरी शक्ती चालून आली की समर्थ येतात, ज्ञानाच्या आणि तपाच्या बळावर तिला परतवून लावतात, घरातलं माणूस वाचतं, आपण पुस्तक मिटून झोपतो. म्हणजे लव्हक्राफ्टच्या नाही, सरळ डर्लेथच्या अंगणात! चांगले विरुद्ध वाईट, आणि शेवटी चांगले वर. जोशींनी ज्याला बाहेर काढलं त्याचेच हे सख्खे चुलत. पोरं गप्प झाली. तोंडात मारल्यासारखी. मला अजून त्या क्षणाचं कौतुक आहे.

याच गडबडीत एकाची आई आली, पदर खोचून. पोरगा रात्री बारा वाजता राक्षसांची नावं लिहितो, कुठला तरी 'नेक्रोनॉमिकॉन' ग्रंथ शोधतो, तो ग्रंथ कुठे मिळतो ते सांगा, मी चुलीत घालते! तिला बसवलं, पाणी दिलं. सांगितलं की वहिनी, तो ग्रंथ नाहीच. लव्हक्राफ्टने मनाने रचला, त्याचा खोटा इतिहाससुद्धा लिहिला. पुढे 1977 मध्ये कुणीतरी त्या नावाचं पुस्तक छापून धंदा केला, तेवढंच. तिचा जीव भांड्यात पडला. पण मला तिचं हसू आलं नाही. सातपुड्याच्या या पट्ट्यात 'डाकीण' हा शब्द एखाद्या एकट्या बाईला चिकटला तर तिचं घर जातं, गाव सुटतं, जीवही गेले आहेत. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा झाला तो उगाच नाही. इथल्या बाईने असल्या नावांना घाबरणं हे अडाणीपण नव्हे.

तिसरा पोरगा वरच्या पाड्यावरचा, पावरा. तो सगळा वेळ प्रिंटरजवळ उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "ताई, आमच्याकडे म्हातारे रात्र रात्र गातात. याहा मोगी, राजा पांठा, गांडा ठाकूर. या पाड्यावर एक गोष्ट, पलीकडच्या पाड्यावर जरा वेगळी. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला सगळे जातात. कोण खरं, कोण खोटं, असं कुणी विचारत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "मोगीमाय तर दुष्काळात धान्य देणारी. तुमच्या हस्तरला धान्यच मिळालं नाही. तो आमच्याकडे आला असता तर जेवून गेला असता."

यावर कोणाकडे काही उत्तर नव्हतं. सुरतवाल्याकडेसुद्धा नाही.

प्रिंट निघाली. खाली 'शेरा' म्हणून एक रकाना मोकळा होता, पोरांनी माझ्याकडे पेन दिलं. म्हणाली, तुम्हीच लिहा ताई, तुम्ही एवढ्या वंशावळी बघता. मी काय लिहिणार? मला विचाराल तर 'तुंबाड'चा हस्तर त्या कुळातला नाही. ज्याला आई आहे, ज्याला भूक लागते, ज्याच्या लंगोटात हात घालून मोहरा चोरता येतात, तो विश्वाचा काळोख कसला? तो आपल्याच गल्लीतला. कथुल्हूला कुणी कणकेची बाहुली दाखवून बघा! सिनेमातल्या विनायकरावाला जी शिक्षा झाली ती हावरेपणाची, आजीने सांगितलेल्या गोष्टीतल्यासारखी. केलं म्हणून भोगलं. लव्हक्राफ्टकडे न करताही भोगावं लागतं.

आप्पा खुर्चीतून म्हणाले, "मंग नाव काबरं लावस तो?"

मी शेऱ्यात लिहिलं: 'दत्तक. नाव परक्या घरचं, पोट आपल्या घरचं.' सुरतवाल्याला पटलं नाही. तो म्हणतो अपील करणार. कुठे करणार, पुण्याला की प्रॉव्हिडन्सला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

जाता जाता एक विनंती, आणि ती चेष्टेने नाही. माझ्या दुकानातल्या फळीवर धारपांचं ते पुस्तक होतं, 'आजी' ज्यात आहे ते. आठ महिन्यांपूर्वी 'दोन दिवसांत आणून देतो' म्हणून म्हसावदमधल्याच एका सद्गृहस्थांनी नेलं. कोण ते मला पक्कं माहीत आहे. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की झोपून राहतील. पुस्तक तेवढं परत आणून द्या.